टेबलमध्ये नसलेला रक्तदाता

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये वाद नको. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. पैंजणांचे आवाज, आरशातली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस... वाचते, हसते आणि भाजी फोडणीला टाकते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आणि खरं सांगू का, माझ्या बाबतीत जे घडलं त्यात मला भीती अशी वाटलीच नाही. मला आला तो वैताग. हे मी घरी सांगत होते तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, वैताग म्हणजे?" दिल्लीत वाढलेली पोरं, काय करणार! म्हटलं, इरिटेशन, पण आतून, पार पोटातून.

मी राहते गाझियाबादला, वैशालीत. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे केंद्र सरकारच्या नोकऱ्या, त्यामुळे आम्ही इथलेच झालो. माझं ऑफिस नोएडाला. काम डेटाबेसचं. ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – तुम्ही एखाद्या ॲपवर काही शोधता आणि नुसतंच चक्र फिरत राहतं ना, ते का फिरतंय हे शोधणं म्हणजे माझी नोकरी. आणि कारण असतंच. कधी इंडेक्स नसतो. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, ती नसली की मशीनला अख्खं पुस्तक चाळावं लागतं. कधी दुसराच कोणी युजर नेमकी तीच ओळ धरून बसलेला असतो, तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. इतक्या वर्षांत कारण सापडलं नाही असं झालं नव्हतं. उशीर झाला असेल, पण सापडलंच.

आमची कंपनी एनसीआरमधल्या काही खाजगी ब्लड बँकांचं सॉफ्टवेअर चालवते. रक्तगट निवडा, भाग निवडा, बटन दाबा, जवळचे रक्तदाते समोर. साधी सोपी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मागच्या उन्हाळ्यात, बाहेर लू अशी की गाडीचं दार उघडताना हात पोळावा, तेव्हा ही क्वेरी अडकायला लागली. तीही एकाच रक्तगटासाठी.

बॉम्बे ब्लड ग्रुप नावाचा एक फार दुर्मीळ गट असतो. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो, पण या लोकांना ओ रक्तसुद्धा चालत नाही, फक्त त्यांच्याच गटाचं लागतं. आमच्या टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, अशा रक्तदात्यांच्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हजारो ओळींचे बाकीचे गट डोळ्याची पापणी लवायच्या आत यायचे, आणि या मूठभर ओळींसाठी स्क्रीन फिरफिर फिरून शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचा. उलटं व्हायला हवं होतं! जिथे सगळ्यात कमी माल तिथे सगळ्यात जास्त वेळ?

तक्रार केली ती डॉक्टर नाझनीनने. ती फरीदाबादच्या एका ब्लड बँकेत असते, मूळची मिरजेची. आमची ओळखच तक्रारीतून झाली. पहिल्या फोनवर माझं हिंदी ऐकून तिने विचारलं होतं, "तुम्ही मराठी का हो?" तेव्हापासून अगं-तुगं.

"मधुरा, तुझं ते बॉम्बेचं चक्र परत फिरतंय बघ," ती म्हणायची.

मी सगळं पाहिलं. इंडेक्स होता आणि धडधाकट होता. नवा बांधून पाहिला, फरक शून्य. क्वेरी कुठल्या वाटेने जाणार याचा मशीन एक आराखडा देतं, तोही अगदी शहाण्यासारखा होता. मग क्वेरी नेमकी कशासाठी थांबते ते पाहिलं, तर उत्तर आलं – कोणीतरी ओळ धरून ठेवली आहे. ठीक आहे, कोणी? तर ज्या कनेक्शनचा नंबर दिसत होता, ते चालू कनेक्शनांच्या यादीत नव्हतंच. पत्ता आहे, घर नाही, अशातला प्रकार.

आमचे मॅनेजर सक्सेना सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "मधुराजी, एक इंडेक्स डाल दो ना यार."

"सर, इंडेक्स है."

"तो एक और डाल दो."

शेवटी सर्व्हर रीस्टार्ट केला. रीस्टार्टनंतर धरून बसलेले सगळे हात आपोआप सुटतात, सुटावेच लागतात. क्वेरी चालवली. परत तेच! कोणीतरी ओळ धरून ठेवली आहे. मी टेबलावर हात आपटला, तेव्हा शेजारच्या टीमने माना वळवून पाहिलं. मग अख्ख्या डेटाबेसची कॉपी दुसऱ्या मशीनवर घेतली. तिथे तीच क्वेरी, तोच डेटा, आणि उत्तर चुटकीसरशी. म्हणजे आता हार्डवेअरवर संशय. हार्डवेअरवाल्यांनी तपासून सांगितलं, सब बढिया है मॅडम.

अशातच एक दिवस, जेवणाचा डबा नुकताच उघडला होता, नाझनीनचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मधुरा, ऐक. आमच्याकडे एक बाई आहे, पहिलटकरीण. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे आणि रक्त जायला लागलंय. संध्याकाळपर्यंत सिझेरियन करायलाच हवं. ग्रुप बॉम्बे निघालाय. हातात रक्त असल्याशिवाय सर्जन चाकू लावायला तयार नाहीत. बहिणीचं तपासलं, जुळत नाही. आणि तुझा स्क्रीन नुसता फिरतोय!"

"थांब, मी हाताने काढून देते."

दुसऱ्या मशीनवर त्याच सकाळची ताजी कॉपी होती. तिच्यातली सगळी नावं मी तिला लगेच पाठवली. आणि खऱ्या सर्व्हरवरही क्वेरी लावून दिली, वेळेची मर्यादा काढून टाकून. म्हटलं, लागेल तेवढा वेळ घे बाई, पण उत्तर दे.

नाझनीन फोनवर फोन करत होती आणि मधूनमधून मला कळवत होती. एक जण गावाला गेलेला. एकाने नुकतंच रक्त दिलेलं. एकाला कावीळ. एकाचा फोन बंद. इतक्या जणांत एकही धड नाही! डबा तसाच उघडा, पोळी वाळून कडक. मी दर थोड्या वेळाने त्या फिरणाऱ्या चक्राकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला नको नको ते बोलत होते.

आणि क्वेरी संपली. उत्तर आलं.

कॉपीपेक्षा एक ओळ जास्त.

नाव सुरेंद्र भाटी, भाग फरीदाबाद, पुढे मोबाईल नंबर. मला वाटलं, दुपारी कोणीतरी नवी नोंद केली असेल. त्या क्षणी विचार करायला वेळही नव्हता. नाव आणि नंबर नाझनीनला व्हॉट्सॲप केला आणि फोन लावला, "हा बघ, तुझ्याच गावातला."

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला – येतोय तो.

आता मी जरा श्वास घेतला आणि सवयीने तीच क्वेरी त्याच खिडकीत परत चालवली, किती वेळ लागतो ते बघायला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. अडकणं नाही, चक्र नाही, काही नाही. आणि सुरेंद्र भाटी नाही. कॉपीत होत्या तेवढ्याच ओळी.

मी नाव टाकून शोधलं, नाही. नंबर टाकून शोधला, नाही. आधीचं उत्तर खिडकीतून पुसलं गेलेलं. त्याचा फोटो काढायचा असतो हे मी सगळ्या ज्युनिअर लोकांना घसा कोरडा करून सांगते, आणि मीच काढला नव्हता. स्वतःवर इतकी चिडले होते की सांगता सोय नाही. बरं, आमच्याकडे प्रत्येक नोंदीचा मागमूस राहतो. कोणी ओळ घातली, कोणी काढली, सगळं. त्यात काहीच नाही. त्या नावाची ओळ कोणी घातली नव्हती आणि कोणी काढली नव्हती.

संध्याकाळी नाझनीनचा फोन. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मला रडूच आलं जरा. मग ती म्हणाली, "पण तू हा माणूस आणलास कुठून?"

"का गं?"

"अगं, त्याने आयुष्यात कधी रक्त दिलेलं नाही. कुठे नावही नोंदवलेलं नाही. मी नावाने हाक मारली, बाईची अवस्था सांगितली, म्हणून तो उठून आला. त्याला वाटलं होतं की आपण ओ पॉझिटिव्ह आहोत आणि आपल्याला ओ साठी बोलावलंय. आम्ही तपासलं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की तो बॉम्बे आहे. मधुरा, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. तुझ्या टेबलला कसं माहीत?"

मी फोन ठेवला आणि नोंदींचा मागमूस परत पहिल्यापासून उघडला.

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखी शोधत होते. टायपिंगची चूक? व्हॉट्सॲपवर माझा मेसेज आहे, नाव आणि नंबर दोन्ही बरोबर. जुना बॅकअप? त्यातही तो नाही. बिघडलेल्या इंडेक्समध्ये कधीकधी पुसलेल्या ओळीचं भूत राहतं, हा आमच्या क्षेत्रातला खराखुरा प्रकार आहे. पण त्यासाठी ओळ आधी कधीतरी असावी लागते! आणि जो गट त्या माणसालाच ठाऊक नव्हता, तो लिहिणार कोण? योगायोग म्हणायचा तर नाव, नंबर, गाव आणि रक्तगट असा चौपदरी योगायोग. तुम्ही म्हणा, मला तो पचत नाही.

वर सक्सेना सरांना रिपोर्ट हवा होता, बिघाडाचं मूळ कारण काय. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'कारण सापडलं नाही.' त्यांनी तो परत पाठवला. "ऐसे थोडी लिखते हैं! क्लायंट को क्या मुँह दिखाएँगे?" शेवटी त्यांनी स्वतःच 'नेटवर्क' असं लिहून टाकलं आणि तक्रार बंद केली. नेटवर्कवाल्या बिचाऱ्याला फुकट बोलणी बसली.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना आता. बाई वाचली ना?"

"तो प्रश्नच नाहीये, अजय!"

"मग प्रश्न काय आहे?"

ते मला नीट सांगता येईना, म्हणून आणखी चिडचिड. शेवटी नाझनीनने भाटींना विचारून घेतलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो.

सुरेंद्र भाटी म्हणजे पन्नाशीच्या आतला, भरदार मिशांचा माणूस. फरीदाबादेतच लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे त्यांचं. त्यांच्या बायकोने शिकंजी, म्हणजे इकडचं लिंबू सरबत, आणून ठेवली. मी पोलिसांसारखे प्रश्न विचारले. कधी ऑपरेशन? नाही. कुठल्या शिबिरात नाव? नाही. विमा, नोकरी, कशासाठी रक्ततपासणी? लग्नाआधी एकदा गल्लीतल्या लॅबमध्ये केली होती, तिथे ओ सांगितलं होतं, बस.

माझे प्रश्न संपले तसे ते म्हणाले, "मैडम, मैं तो समझ रहा था आप बताओगी."

त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून नाझनीनने ग्लास खाली ठेवला. त्यांची धाकटी बहीण मेरठला असते. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच महिन्यात. तिचाही गट सगळीकडे ओ पॉझिटिव्ह लिहिलेला, आणि डॉक्टरांनी ओ रक्ताची व्यवस्था करायला सांगितलेली. भाटींना स्वतःचा गट कळल्यावर त्यांच्या मनात आलं, बहिणीचाही नीट तपासून घ्यावा. तोही बॉम्बे निघाला.

मेट्रोत बसल्यावर नाझनीन म्हणाली, "तसं रक्त देण्याआधी जुळवून बघतात, तेव्हा कळलंच असतं."

"मग?"

"मग काय. ऐन ऑपरेशनच्या तोंडावर कळलं असतं. आणि एखाद्या ठिकाणी घाईगर्दीत जुळवलंच नसतं तर..."

बहिणीचं ऑपरेशन पुढे ढकललं. नाझनीनने ओळखीपाळखीतून दोन रक्तदाते मिळवून दिले आणि ते व्यवस्थित पार पडलं. माझी क्वेरी त्या दिवसापासून एकदाही अडकलेली नाही. मी आजही अधूनमधून चालवून बघते. येतं उत्तर, पटकन. त्याचाही मला राग येतो.

मागच्या महिन्यात भाटींच्या बहिणीचा फोन आला. आभार मानायला. आवाज अजून थोडा थकलेला होता. बोलता बोलता तिने विचारलं, "दीदी, एक बात पूछूँ? आपको मेरे भाई का नंबर दिया किसने?"

इतके महिने मी हाच प्रश्न घेऊन फिरतेय. म्हटलं, "कंप्यूटर ने."

"अच्छा," ती म्हणाली, अगदी निवांत, आणि मग मुलांच्या शाळेविषयी बोलायला लागली.

तिचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.