दाखवता न येणारी खरेदी

दरवर्षी अक्षय तृतीयेला आमच्या घरी थोडं तरी सोनं येतं आणि संध्याकाळी आत्या ते बघायला येते. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आमच्याच गावात, उंद्रीतच दिलेली, दोन गल्ल्या पलीकडे. यंदा बघायला काही नव्हतं. मी चिखलीच्या एका शाळेत शिकवते. पगारातून अंगठीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी आईच्या खांद्यावर घातले होते.

आईचा उजवा खांदा वर्षभर जखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. तिची वेणी मी घालायचे. फळीवरचा डबा हवा असला की ती माझ्याकडे न बघता मागायची. मला ते फार लागायचं. गोळ्या आणि मालिश करून झाल्यावर मी तिला चिखलीला फिजिओथेरपी करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. दीड महिना, एक दिवसाआड, एसटीने. त्या तिला भिंतीवरून बोटं वर वर चालवायला लावत. पहिल्या आठवड्यात ती रडायची आणि मी बाहेर चपलांपाशी बसून राहायचे.

संध्याकाळी आत्या आली आणि तिने हे सगळं ऐकून घेतलं.

"सोनं असतं त दाखोता आलं असतं," ती म्हणाली. "आता काय दाखोशीन? त्या बाईनं हात धरला अन् सोडला. झाले पैसे."

इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला व्यवहार कळत नाही, हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. मी चहा ठेवायला आत गेले. तिचं काही अंशी खरंही होतं. सोन्याचा भाव वाढला होता. फीच्या पावत्या कुणी गहाण ठेवून घेत नाही. व्यायाम सोडला तर खांदा पुन्हा धरेल, असं त्या बाईंनीच सांगितलं होतं. पण कपाटातलं सोनं उद्या माझ्याबरोबर दुसऱ्या घरी जाईल. आईचा हात आईकडेच राहील. मला एवढा हिशेब पुरेसा होता, आणि आजही आहे.

चहा घेऊन आले तेव्हा आई बाहेरच्या खोलीतल्या फळीवरून चिवड्याचा डबा काढत होती. आत्याने तो वर गेलेला हात नीट बघून घेतला.

"हात त चांगला चालून राह्यला तुहा," ती आईला म्हणाली. "मंग परवा सकायीच येजो. उडदाचे पापड हायेत, दहा किलोचे."

उन्हाळ्यात बाया एकमेकींकडे पापड लाटायला जातात. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं न्यायचं. नाही कोणी म्हणत नाही.

"आई लाटणार नाही," मी म्हणाले. "पैसे देऊन बाया लाव, आत्या."

"पापडाले पैसे? काऊन, घरच्या बाया मेल्या काय?"

मी आईकडे बघितलं नाही. तिने गप्प बसायला सांगितलं असतं, तर मी बसलेही असते. तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "येईन मी. चार गोष्टी करू. लाटायले दुसरं कोनी पाह्य."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वतःची वेणी घातली, चांगलं लुगडं नेसली आणि रिकाम्या हातांनी आत्याकडे गेली.