पानामागचे शब्द

प्रमिलाताईंनी भरलेले शब्द मी पुसले होते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही.

वाशिमला मराठी, हिंदी आणि इंग्रजीत शेतीची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या कचेरीत आम्ही दोघं होतो. पानं तयार करणं माझ्याकडे, त्यांचे शोधशब्द ताईंकडे. वाचकाला न दिसणारा एक रकाना प्रत्येक पानामागे असतो. मोठी शोधयंत्रं आता त्याच्याकडे फारसं बघत नाहीत, पण आमची स्वतःची शोधपेटी त्याच रकान्यावर चालायची. तिथं शब्द नसला, तर पान असून नसल्यासारखं.

तो रकाना ताई कशा भरायच्या, ते पाहण्यासारखं होतं. खुर्ची मागे सरकवून डोळे मिटायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "आता मी फवारून आलेल्या मानसाची बायको हाय. नवरा घामानं भिजून पडला. मी फोनात काय लिहीन?" मग एका बोटानं टाइप करायच्या. फवारा लागला. फवाऱ्यानं चक्कर. तेच पुन्हा रोमन अक्षरांत, कारण बरेच लोक मराठी तसंच लिहितात. फवारणीतल्या विषबाधेवरच्या त्या पानाला इंग्रजीत तीन-चार शब्द पुरले होते. हिंदीला त्यांनी 'दवा चढ़ गई' दिलं. मराठीच्या मात्र ओळीच्या ओळी.

"ताई, इंग्रजीचं भाषांतर केलं तर लवकर होईल," मी एकदा म्हणालो.

"भाऊ, पानाचं भाषांतर होते. घाबरलेल्या मानसाचं कसं करसान?"

सुटीच्या दिवशी त्या मंगरूळपीरला एका कृषी केंद्राच्या बाकावर जाऊन बसायच्या. दुकानदार म्हणायचा, "ताई, घेत तं काहीच नाही, आयकूनच जाता."

"मंग बोलनाऱ्यायले गप बसवा," म्हणत त्या त्याच्याच चहात वाटेकरी व्हायच्या. मी सोबत होतो त्या दिवशी एकाच रोगाची गावागावांतली वेगळी नावं त्यांनी बसल्या जागी गोळा केली. मी नुसता बघत राहिलो.

मग पाहणीला वरिष्ठ येणार म्हणून निरोप आला. तिन्ही भाषांचे रकाने त्यांना सारखे हवे होते. ताई मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला मालेगावला गेलेल्या. मी इंग्रजी शब्दांचं नीटनेटकं मराठी केलं, 'कीटकनाशक विषबाधा, प्रथमोपचार', आणि ताईंच्या ओळी काढून तिथं चिकटवलं. रकाने छान दिसले. माझी पाठ थोपटली गेली. जुने शब्द परत टाकायचे राहून गेले.

त्याच आठवड्यात जऊळक्याजवळच्या गावात ताईंचे थोरले भाऊ सुदाम तुरीवर फवारून आले आणि ओट्यावर कोसळले. ताईंना फोन लागेना. वहिनींनी आमचं संकेतस्थळ उघडून लिहिलं, फवारा लागला. काहीच आलं नाही. त्या पानाची पहिलीच ओळ होती: कपडे उतरवा, अंग धुवा, लगेच दवाखान्यात न्या. वहिनींनी दूध पाजून त्यांना झोपू दिलं. दवाखाना गाठायला संध्याकाळ झाली. जीव वाचला, पण हातांची थरथर राहिली ती राहिलीच.

दवाखान्यातून ताई थेट कचेरीत आल्या. रकाना उघडून बघितला.

"भाऊ, माहे शब्द कुठं गेले?"

"सर्व्हर बिघडला होता," मी म्हणालो.

"मशीनच ते. त्याच्यावर काय राग काढाचा," एवढंच बोलून त्यांनी खुर्ची मागे सरकवली, डोळे मिटले. या वेळी कुणाची बायको झाल्या नाहीत. "वहिनीनं आखीन काय लिहिलं असतं?" असं हळूच म्हणाल्या, मला नव्हे. आणि सगळे शब्द पहिल्यापासून भरले, आधीपेक्षा जास्त. भाऊ खाटेवर होता आणि ही बाई दुसऱ्या घरांतल्या बायकांसाठी वाट मोकळी करत होती. असं माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी ताई आजारानं गेल्या. त्यांना सांगणं झालंच नाही. सुदामभाऊ अजून भेटतात, त्या सर्व्हरला शिव्या देतात आणि मला आग्रहानं जेवायला बसवतात. सर्व्हर चांगला होता, शब्द मी पुसले, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं मी त्यांचं देणं लागतो.