परिपाठाआधी मी कापलेली बातमी

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

वडवणीजवळच्या आमच्या शाळेत रोज परिपाठाला एक विद्यार्थी पेपरातल्या बातम्या वाचतो. आज पहिल्याच पानावर मारहाणीत माणूस मेल्याची बातमी होती. लेकरांसमोर नको, म्हणून मी ती कात्रीनं कापली आणि पेपर सातवीतल्या सानियाला दिला.

तिनं कबड्डीची बातमी वाचली आणि थांबली. पेपराला पडलेल्या चौकोनी भोकातून माझ्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, ही कावून कापली? त्याचा व्हिडिओ तर आमी समद्यांनी बघितलाय."

रांगेतल्या लेकरांनी माना डोलावल्या.

"तो हात जोडत होता, मॅडम. बघणाऱ्यांनी सोडवलं कावून न्हाई?"

मी काय केलं? "चला, वर्गात चला," म्हणाले!

हेडसर म्हणतात, असले विषय शाळेत नकोत. मग कुठं? लेकरांनी मोबाईल घेऊन एकट्यानंच बघत बसायचं का?

आणि खरं सांगते, तो व्हिडिओ काल गावच्या ग्रुपवर मीच पुढं पाठवला होता.

उद्या परिपाठाला सानियाच्या नजरेला नजर कशी देऊ, सांगा.