ऑटोमॅटिकवाले मुनाफभाई

पनवेलहून पळस्प्याकडे निघालं की फाट्याच्या अलीकडे पत्र्याचं एक गॅरेज होतं आणि त्यावर निळ्या अक्षरांत पाटी होती, ‘ऑटोमॅटिक गियर स्पेशालिस्ट’. पाटी वाचून येणारेजाणारे हसायचे, आणि हसणाऱ्यांचं फार चुकत होतं असंही नाही. दोन हजार चार सालच्या पनवेलात ऑटोमॅटिक गाडी शोधायची म्हणजे खाडीत गोडं पाणी शोधण्यासारखं होतं. मुनाफभाई वीस वर्षांनी शारजाहून परतले ते हे एकच कसब हातात घेऊन, आणि इथे त्या कसबाला गिऱ्हाईक नव्हतं. मग टेंपोच्या क्लचप्लेटा बदला, रिक्षांचे ब्रेक आवळा, असं करत त्यांनी दिवस काढले. पाटी मात्र दर ईदला पुसून लख्ख करायचे. कोणी म्हणालं, “मुनाफभाई, आता ती पाटी बदला,” तर म्हणत, “गाड्या बदलतील की. पाटी कशाला बदलू?” माणूस हट्टी होता, पण हट्टाचा आवाज कधी चढला नाही.

शारजाच्या गॅरेजात त्यांना एका मलबारी उस्तादाने घडवलं होतं. उस्तादाचा हात हलका आणि तोंड तिखट. त्याचे दोन नियम होते. गियरचं ऑईल बदलल्यावर गाडीला स्वतः फेरी मारून आणल्याशिवाय चावी मालकाच्या हातात द्यायची नाही. आणि परक्या गाडीत बसलं की आधी सीट आपल्या मापाची करायची, आरसा आपल्या नजरेत आणायचा, मग चावीला हात लावायचा. एकदा एका पोऱ्याचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोचला नाही आणि गाडी समोरच्या भिंतीत गेली. त्या दिवशी उस्तादाने सगळ्यांना ओळीत उभं करून झापलं. तेव्हापासून मुनाफभाईंच्या हाताला ती सवयच जडली. जेवायला बसताना बिस्मिल्ला म्हणावं तितक्या आपसूक ते आधी सीट सरकवायचे.

पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मुलगा अझहर बापाच्या पावलावर पाऊल टाकून दोह्याला गेला होता. घरात ते आणि बायको शरीफा, दोघंच. दोघांचं पटत होतं, भांडण म्हणून ऐकू यायचं नाही. पण त्या घरात एक गोष्ट बोलली जात नव्हती. ती होती सायमाची.

सायमा अझहरच्या पाठची. बाप दोन-दोन वर्षांनी येणारा, त्यामुळे ती त्याला फोटोपेक्षा थोडीच जास्त ओळखायची. पण बापाला दाखवायचं म्हणून दर ईदला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि शरीफा तिच्या डोक्यावर कोळशाची रेघ मारायची. “अब्बा आले की बघतील, केवढी झाले ते!” सातव्या वर्षी तिला कावीळ झाली. शेजारच्या दुकानातल्या फोनवरून शारजाला निरोप गेला, आणि मुनाफभाई अरबाबाकडून, म्हणजे तिथल्या मालकाकडून, पासपोर्ट सोडवेपर्यंत इकडे दफनसुद्धा उरकलं. मग लगेच कशाला यायचं? ते नेहमीच्या सुट्टीत आले, काही महिन्यांनी.

आता आखातातला माणूस येणार म्हटलं की घर रंगवायचं, ही मोहल्ल्यातली रीतच. घरात मयत झालेली असो नाहीतर आणखी काही. शरीफाच्या भावाने माणसं लावली, दोन दिवसांत सगळं घर चुन्याने पांढरंशुभ्र करून टाकलं. शरीफा तेव्हा कुठे भानावर होती? बॅगा दारात ठेवून मुनाफभाई आधी त्या भिंतीपाशी गेले. भिंत कोरी होती. त्यांनी वळून फक्त विचारलं, “रेघा?” शरीफाने तोंडावर हात दाबला. ते रागावले नाहीत, रडले नाहीत, आणि ‘असू दे’ असंही म्हणाले नाहीत. ते दोन शब्द त्यांच्या घशात अडकले ते अडकलेच. आधी सुट्टी संपली म्हणून राहिले, पुढे उशीर झाला म्हणून राहिले. शरीफा वाट बघत राहिली आणि मग तिने वाट बघणंही बंद केलं, असं त्यांना वाटायचं.

दोन हजार चौदाची गोष्ट. थंडी सरत आली होती. गॅरेजच्या दारात पांढऱ्या शर्ट-लेंग्यातले एक गृहस्थ येऊन पाटीकडे बघत उभे राहिले. बेलपाड्याचे कमळाकर घरत. एकेकाळी भातशेती, आता त्या शेताच्या जागी खारघरच्या बिल्डिंगी.

“पाटीवर लिवलंय ते खरं हाय का?” त्यांनी विचारलं.

“दहा वर्षांनी विचारलंत, दादा, पण खरं आहे.”

“आमची गाडी हाय ऑटोमॅटिक. खालती लाल लाल सांडतंय. आमची बायको घाबरलीय, तिला रगत वाटतंय.”

मुनाफभाईंना लहान मुलासारखा आनंद झाला. “रक्त नाही, गियरचं ऑईल लालच असतं. चेंबरचं पॅकिंग गेलं असेल. घेऊन या गाडी.”

“गाडी भायेर नाय काढायची. तू चल.”

असली अट घालणारं गिऱ्हाईक मुनाफभाईंनी आजवर पाहिलं नव्हतं, पण ऑटोमॅटिकसाठी ते बेलपाड्यालाच काय, चंद्रावरही गेले असते. हत्यारं, नवं पॅकिंग आणि ऑईलचे डबे रिक्षात घालून ते कमळाकरांच्या मागून निघाले.

उंच बिल्डिंगींच्या मध्ये बेलपाडा गाव अंग चोरून बसलेलं. कमळाकरांच्या अंगणात चंदेरी रंगाची सेडान गाडी उभी होती. धुऊन पुसून चकचकीत, पण टायरांच्या खालची जमीन सांगत होती की ही इथून हललेली नाही. कमळाकरांनी बाहेरूनच खिडकीतून हात घातला आणि वाकून चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

“आत बसा की दादा! गाडी चावते काय?” मुनाफभाई हसून म्हणाले.

कमळाकर हसले नाहीत. “रोज सकाळी अशीच चालू करतो. उभी रायली का खराब होते ना,” एवढंच म्हणाले.

बाकीचं कमळाकरांच्या बायकोने, सत्यवतीबाईंनी, चहा देताना सांगितलं. गाडी त्यांच्या प्रणितची. पोरगा कबड्डीत गुडघा मोडून बसला होता, डावा पाय क्लचवर दाबवत नव्हता, म्हणून ऑटोमॅटिक घेतलेली. “एवढा उंच, दारातून वाकून यायचा. आमच्या दोघांच्या घरात असा उंच कोणीच नाय.” डेंग्यूने चार दिवसांत गेला, त्याला दुसरा पावसाळा उलटून गेला होता. मुनाफभाईंनी कप खाली ठेवला. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना कधीच सुचत नसे. “अल्ला सबर देवो,” म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

तिथे मात्र त्यांचे हात बोलू लागले. आधी ऑईल काढलं. लाल खरं, पण काळसर पडलेलं, जुनाट वासाचं होतं. चेंबर उतरवला, तळातल्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा बोटाने पुसून काढला, जाळी बदलली, जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवलं. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, उस्तादाने शिकवल्याबरहुकूम. मग वरून नवं लालभडक ऑईल ओतलं. दहा वर्षं टेंपोंच्या ग्रीसमध्ये बुडालेला माणूस त्या दुपारी मनातल्या मनात गुणगुणत होता. एवढे खुश मुनाफभाई याआधी कोणी कधी पाहिले होते, ते आठवून सांगावं लागेल.

आता हे ऑईल कमीजास्त बघायची रीत इंजिनच्या ऑईलसारखी नाही. गाडी चालू ठेवायची, ब्रेकवर पाय दाबायचा, दांडा सगळ्या गियरांतून हळूहळू फिरवायचा आणि ऑईल तापलं की मग त्याची पातळी दाखवणारी पट्टी बघायची. म्हणजे आत बसणं आलं. कमळाकर जेवणाआधी गावदेवीला जाऊन येतो म्हणून गेले होते, सत्यवतीबाई चुलीपाशी होत्या. मुनाफभाई आत बसले. पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीट पार मागे होती. हात आपसूक सीटखाली गेला, खटका ओढला, सीट खटखट करत पुढे आली. दुसऱ्या हाताने आरसा खाली वळवला. मग गियर फिरवले, आणि त्या आनंदात कमळाकरांची अट पार विसरून, उस्तादाच्या नियमाप्रमाणे गाडी घेऊन खारघरच्या डोंगराकडे एक फेरी मारून आले. गियर असे बदलत होते की कळतही नव्हतं. अंगणाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. हॉर्न चालतो का तेही बघून घ्यावं, एवढाच हेतू.

सत्यवतीबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. चेहऱ्यावर पोरगा आल्याचं जे उजळलं होतं ते मुनाफभाईंनी काचेतून पाहिलं आणि ते पुरतं मावळलेलंही पाहिलं. दारात उभ्या राहून त्या गाडीतल्या बुटक्या, पिकल्या दाढीच्या माणसाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात कमळाकर आले. त्यांनी गाडीचं दार उघडलं. मुनाफभाई उतरले.

“सीट कोणी हलवली?”

“मीच, दादा. माझा पाय पोचत नव्हता.”

“आन आरसा?”

मुनाफभाईंना आत्ता सगळं कळलं. खिडकीतून वाकून फिरवलेली चावी, रोजची रोज. कमळाकर कधीच का आत बसले नव्हते ते. सीट पोराच्या पायांच्या मापाची होती आणि आरसा त्याच्या डोळ्यांच्या उंचीचा. जग सोडून गेलेल्या पोराच्या अंगाचं एवढंच माप घरात शिल्लक होतं.

त्यांनी घाईघाईने खटका ओढून सीट मागे ढकलली. “एवढी होती का? का अजून मागे, दादा? सांगा ना.”

“मला काय ठाव?” कमळाकर म्हणाले. आवाज फुटला होता. “आमी कवा बसलो तिच्यात?”

ते ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मुनाफभाई सीट पुढे घेत होते, मागे घेत होते, आणि दर वेळी ती जास्तच चुकीची वाटत होती. या जगात दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर एक वेळ चाललं असतं. कोऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने करायला नको होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

शेवटी सत्यवतीबाईंनीच येऊन त्यांचा हात धरून थांबवला. पिठाची बोटं त्यांच्या ऑईलच्या बाहीवर उमटली.

“ऱ्हाऊ दे आता,” त्या म्हणाल्या. “तुला काय ठाव व्हतं, बाबा? तू तुझं काम केलंस. जेवून जा.”

डोळे वाहत होते आणि तरीही म्हणाल्या. घटकाभरात म्हणाल्या. पोटचा पोरगा गेलेल्या बाईला ते दोन शब्द सापडले.

मुनाफभाई ओसरीत बसून जेवले. बोंबलाचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. घास उतरत नव्हता, पण पानात टाकायची हिंमत झाली नाही. कमळाकर ओट्यावरून उठले नाहीत. कामाचे पैसे घ्यायला मुनाफभाई थांबलेच नाहीत.

संध्याकाळी घरी आले तेव्हा शरीफा भाकऱ्या करत होती. त्यांनी हात धुतले. साबणाने पुन्हा धुतले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भिंतीला आता चुन्यावर डिस्टेंपर आणि डिस्टेंपरवर ऑईलपेंट असे थर चढले होते.

“शरीफा,” ते म्हणाले, “तुला कुठे माहीत होतं? तुझी चूक नव्हती.”

त्यांना वाटलं, ती विचारेल, कशाबद्दल म्हणताय. इतकी वर्षं झाली होती. दुसरं कोणीही विचारलं असतं.

शरीफाने विचारलं नाही. तिने पिठाचे हात ओढणीला पुसले, दाराशेजारच्या भिंतीपाशी आली आणि काहीही न शोधता एका जागी सरळ हात टेकवला.

“ही पहिली,” ती म्हणाली. हात जरासा वर गेला. “ही तुम्ही फ्रॉक पाठवलात त्या ईदची.” हात आणखी वर गेला आणि थांबला. “आणि ही शेवटची.”

“तुझ्या अजून ध्यानात आहे?”

“तुम्ही कामाला गेलात की रोज हात ठेवून बघते,” शरीफा म्हणाली. “तुम्हाला दाखवायच्या होत्या ना तिला. तुम्ही पुन्हा कधी विचारलंच नाही.”

मुनाफभाई पुढे झाले आणि तिने दाखवलेल्या जागी त्यांनी आपला हात ठेवला. सायमा त्यांच्या छातीपर्यंतही येत नव्हती. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण दोघांपैकी कोणीच वळलं नाही.