डावीकडे कोण ओढतंय

गाडी सरळ चालत नसेल तर तिचं नेमकं काय बिनसलंय हे सांगण्याचा मला पगार मिळतो. रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात मी फारवेर्क विभागात आहे. फारवेर्क म्हणजे चाकं, स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, स्टिअरिंग, थोडक्यात गाडीचं कमरेखालचं सगळं. त्यामुळे गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सासऱ्यांचा फोन आला आणि "श्लिटन डावीकडे ओढतंय, जरा बघतेस का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बेफिकीरपणे हो म्हणून टाकलं. शनिवारी येते, दुपारच्या कॉफीपर्यंत होऊन जाईल, असंही वर सांगितलं. हे वाक्य नवऱ्याने पुढे संपूर्ण हिवाळा मला ऐकवलं.

श्लिटन म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल. जर्मनीत ही कोणीही उठावं आणि चालवावी अशी वस्तू नाही, परवानगी लागते. सासऱ्यांचं गाव बव्हेरियाच्या जंगलात, डोंगरावर. तिथल्या स्की-क्लबकडे ही एकच आहे, तीही लोइपे आखण्यासाठी. मशीनच्या मागे एक जड साचा जोडून तो बर्फावरून ओढत न्यायचा, की बर्फात दोन समांतर खाचा उमटतात. ती लोइपे. लोक तिच्यात आपल्या स्की घालून झाडांमधून तासन्‌तास सरकत राहतात.

सासरे गावच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून लोइपे तेच आखतात. सासूबाई गेल्यावर तर हिवाळ्यात अंथरुणातून उठायला त्यांना तेवढंच एक कारण उरलं होतं. बर्फ पडला की फोनवर त्यांचा आवाज वेगळा यायचा, न पडला तर दोन शब्दांत फोन संपायचा. आणि आता ती लोइपे वाकडी यायला लागली होती. येणारेजाणारे कुरकुर करत होते. क्लबच्या अध्यक्षीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की काहीतरी करा, नाहीतर यंदा हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागेल. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, की दोष मशीनचा आहे आणि माझी सून ते सिद्ध करून दाखवील. म्हणजे मी नुसती मेकॅनिक नव्हते, त्यांची साक्षीदारही होते. हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं.

इथे आमच्या बोलण्याबद्दल सांगायलाच हवं. जर्मनमध्ये जवळच्या माणसाला 'डू' म्हणतात आणि मान द्यायचा असेल, परका असेल, तर 'झी'. सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत हात पुढे करून 'डू म्हण' असं सांगितलं होतं. मी 'या, या', म्हणजे हो हो, म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात 'झी' म्हणून मोकळी झाले. सासऱ्यांना अरेतुरे? माझी जीभच वळेना. इतकी वर्षं झाली, नोकरी झाली, पासपोर्ट बदलला, पण ते 'अहो' काही तोंडातून गेलं नाही. नवरा म्हणायचा, "तू माझ्या बाबांशी फिनान्त्सआम्टमध्ये, करखात्यात, आल्यासारखी बोलतेस." सासऱ्यांना सुरुवातीला वाईट वाटलं असावं. मग त्यांनी सोडून दिलं. ते मला डू म्हणत, मी त्यांना झी, आणि तिऱ्हाइताला वाटे यांचं भांडण आहे.

तर शनिवारी मी शेडमध्ये गुडघ्यांवर बसले आणि गाडीचं करतात तेच केलं. स्टिअरिंग सरळ धरून दोन्ही स्कींच्या टोकांमधलं अंतर मोजलं. ती पुढच्या बाजूला किंचित फाकलेली निघाली. मनात म्हटलं, सापडलं! आमच्याकडे चाकं सहसा पुढून किंचित आत झुकलेली ठेवतात, म्हणजे गाडी सरळ रेषेत शहाण्यासारखी जाते. मी स्की आत वळवल्या, नट आवळले, हात पुसले. सासरे एक फेरी मारून आले आणि उतरता उतरता म्हणाले, "आता ती नाचतेय."

खरंच नाचत होती. मी स्वतः बसून पाहिलं तर पुढचं तोंड हुंगत चालल्यासारखं इकडेतिकडे होत होतं. घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं, की स्नोमोबाइलच्या स्की किंचित फाकलेल्याच असायला हव्यात. म्हणजे जे मी बिघडलेलं समजले ते बरोबर होतं आणि जे मी दुरुस्त केलं तो बिघाड होता. मी स्वतःवरच भयंकर चिडले.

पुढच्या शनिवारी स्की आधी होत्या तशा फाकवल्या, आणि मग वळले स्कीखालच्या धारांकडे. प्रत्येक स्कीच्या पोटाला एक कठीण धातूची धार असते. बर्फात रुतून वळवते ती तीच. ती झिजली की हँडल वळतं, मशीन मात्र आपली सरळ जात राहते. आमच्या पार गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या बसवल्या. आता वळण छान घेऊ लागली, पण डावीकडचं ओढणं तसंच. बरं, स्प्रिंगा पाहू. इथे माझं डोकं पहिल्यांदा खरं गरगरलं. पुढच्या स्कींवर वजन वाढवायचं असेल तर पुढे नाही, मागे जायचं असतं. सीटखाली, पट्ट्याच्या आत, एक जाड कापडी पट्टी असते. ती आखूड केली की मागच्या पट्ट्याचं पुढचं टोक वर खेचलं जातं आणि मशीनचा भार स्कींवर येतो. समोरचं वळत नाही म्हणून मागचं आवळा! मागे तो जड साचा जोडला की पुढचं तोंड हलकं होतं, हेही मी हिशेबात धरलं होतं. पट्टी आखूड केली. पुढच्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंनी सारख्या केल्या. स्वतः चालवून बघितलं. साच्यासकट मोकळ्या माळावर टोकापर्यंत गेले, वळून मागे पाहिलं. लोइपे शिवणीच्या दोऱ्यासारखी सरळ होती. मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

सासरे बसले. त्याच माळावर, त्याच वेगात गेले. लोइपे डावीकडे वळत वळत कुंपणाजवळ पोहोचली. पूर्वीपेक्षा जास्त.

मी पुन्हा बसले, सरळ. ते बसले, डावीकडे. मला काही म्हणता काही कळेना. त्यांचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून मी स्प्रिंगा त्यांच्या वजनाला जुळवल्या. आणखी वाईट. उन्हाने बर्फ एका बाजूला मऊ झाला असेल, म्हणून सावलीत पाहिलं. तेच. जितकी मी मशीन सुधारत होते तितकी ती त्यांच्या हातात बिघडत होती. कारखान्यात माझ्या हाताखाली तरुण इंजिनिअर आहेत. त्यांच्यापैकी कुणी असा अहवाल आणला असता तर मी त्याला घरी जाऊन झोपायला सांगितलं असतं. "घोडं नक्की कुठे पेंड खातंय?" असं मी नवऱ्याला मराठीत विचारलं. त्याला मराठी जेमतेम येतं. तो म्हणाला, "घोडं नाही, श्लिटन."

सासरे मात्र दर वेळी एकच सांगायचे. "हँडल जरा हलकं कर ना." मी समजवायचे, की स्कींवर भार वाढला की स्टिअरिंग जड होणारच, दोन्ही एकदम मिळत नाहीत. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणायचे, आणि हातमोजे चढवायचे. तक्रार ओढण्याची आणि मागणी हलकं करण्याची, याचा मेळ मला लागत नव्हता. मेळ लावायचा प्रयत्नही मी केला नाही, खरं सांगायचं तर. माझं सगळं लक्ष मशीनमध्ये होतं.

एका रविवारी अध्यक्षीणबाई बघायला आल्या. बाई वाईट नाहीत, फक्त घाईत असतात. लाल टोपी, खिशात हात, चेहऱ्यावर 'लवकर आटपा'. सासऱ्यांनी साचा जोडला, किल्ली फिरवली आणि माळावर गेले. आम्ही दोघी शेडच्या दारात उभ्या राहून पाहत होतो. मी मनातल्या मनात देवाला सरळ, सरळ म्हणून विनवत होते. देवाने ऐकलं नाही. मशीन परत आली, इंजिन बंद झालं, आणि माळावर ती डावीकडे कललेली लोइपे सगळ्यांना दिसत पडून राहिली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आल्झो, तर मग, इंजिनिअरबाई. काय आहे हे?"

डोळे स्कींवर होते, डोक्यात पट्टी, स्प्रिंगा, धार यांचा नुसता काला झाला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी दिसत होतं तेवढंच बोलले. सासऱ्यांच्या समोर उभी राहून, मोठ्याने, स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाले, "झी त्सीएन नाख लिंक्स."

त्या डावीकडे ओढतायत. त्या म्हणजे स्की. पण जर्मनमध्ये 'त्या' म्हणजे 'झी', आणि 'आपण' म्हणजेही 'झी', आणि क्रियापदही तेच. बोलताना काडीचाही फरक नाही. दुसरी कोणतीही सून हे वाक्य बोलली असती तर गोंधळ झालाच नसता, कारण ती सासऱ्यांना डू म्हणत असती. आख्ख्या गावात त्या म्हाताऱ्या माणसाला घरची असून झी म्हणणारी एकटी मी होते.

'आपणच डावीकडे ओढताय.'

ते वाक्य तसं ऐकू गेलं हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. मी तोंड उघडलं, "नाही, म्हणजे स्की," असं म्हणणारच होते, तेवढ्यात सासऱ्यांनी हातमोजे काढले आणि सीटवर ठेवले.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं."

मग ते बाईंना सांगू लागले. शांतपणे, फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं. मागच्या हिवाळ्यापासून उजवा खांदा उचलत नाही. स्नोमोबाइलचा वेग उजव्या अंगठ्याने दाबून धरायचा असतो, तो दाबला की कळ खांद्यापर्यंत जाते. मग सगळा जोर डाव्या हातावर येतो, आणि डावा हात हँडल आपल्याकडे ओढत राहतो. "मला वाटलं, ही ते हलकं करून देईल आणि कोणाला कळणार नाही." हे सांगताना ते माझ्याकडे बघून हसले. मला तिथल्या तिथे रडू आलं, आणि मी स्कीखालची धार तपासायचं निमित्त करून खाली वाकले.

म्हणजे मी पट्टी आवळली, धार बसवली, स्कींवर भार आणला, आणि दर शनिवारी त्या खांद्यावर आणखी ओझं टाकून घरी गेले. ओढण्यापुरती मशीन पहिल्यापासून ठीक होती.

बाई म्हणाल्या, की ठीक आहे, बघू कोणाला बसवता येतं ते, आणि खिशातून हात काढून त्यांनी सासऱ्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवला. उजव्यावर ठेवला नाही, हे मी पाहिलं.

नंतर स्वयंपाकघरात सासरे कॉफी करत होते. नवरा बाहेर शेड बंद करत होता. मी म्हणाले, "बाबा, मला स्की म्हणायचं होतं. झी म्हणजे त्या स्की. आपण नाही. देवाशपथ."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मला झी म्हणताना तू आधी थोडीशी मान झुकवतेस. नेहमी. आज तू स्कींकडे बघत होतीस." त्यांनी डाव्या हाताने माझ्या कपात दूध ओतलं. "पण किती महिने मी ते कोणीतरी बोलण्याची वाट पाहत होतो. म्हटलं, आलंच आहे वाक्य समोर, तर घेऊन टाकू."

ते खरं सांगत होते, की मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणत होते, हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. गणिताच्या मास्तरांचा चेहरा वाचणं सोपं नसतं.

पुढच्या बर्फाला मशीनवर मी बसले, कारण क्लबला तोवर दुसरं कोणी मिळालं नव्हतं. सासरे माझ्या मागे सीटवर. मी ती पट्टी पुन्हा पहिल्यासारखी सैल केली होती, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. सगळा माळ कोरा पांढरा, आणि सरळ जायचंय या धास्तीने मी हँडल गच्च धरलेलं. अर्ध्यावर गेल्यावर मागून त्यांनी माझ्या पाठीवर टकटक केलं. कानाशी वाकून, माझ्याशी आजवर कधीही न वापरलेल्या मानाने, ते म्हणाले,

"झी त्सीएन नाख रेख्ट्स."

उजवीकडे ओढतायत. स्की, की आपण? मी मागे वळून पाहिलं. त्यांनी किंचित मान झुकवली होती.