बायोच्या सरांची उचल

आमचे बायोचे सर उभ्याने झोपायचे. फळ्यावर एक प्रश्न लिहायचे, खाली चार पर्याय लिहायचे, "सोडवा, पाच मिनिटं" म्हणायचे आणि फळ्याच्या उजवीकडे, जिथे दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात खांदा टेकवून डोळे मिटायचे. कुणी न उठवता जागे व्हायचे आणि मघाचं अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचे. त्या कोपऱ्यातला पिवळा रंग खांद्याच्या उंचीवर घासून गेला होता. मालकांनी दोनदा नवा रंग मारून घेतला, दोन्ही वेळा डाग परत आला.

मालक म्हणजे शेठ, चाकणच्या जुन्या गावातले. खाली त्यांचा कांद्याचा गाळा आणि वर आमचा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. पहिले काही दिवस कांद्याने डोळ्यांत पाणी यायचं, पुढे ते सराव परीक्षेचे मार्क बघून यायला लागलं. क्लासमध्ये शिकवणाऱ्याला नाव नसतं. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीच्या मॅडम, बायोचे सर. त्यांनाही आईबापांनी नाव ठेवलेलं असेल हे आमच्या कधी डोक्यातच आलं नाही.

सर स्वतः मेडिकलला शिकत होते, हे मला बाबांकडून कळलं. बाबा चाकणच्या एका कंपनीत लाईनवर होते. रात्रपाळीवाल्यांना घरी सोडणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी एक पोरगा दांड्याला हात अडकवून उभ्याने झोपायचा. ड्रायव्हर त्याच्या गावाकडचा असल्यामुळे फुकट नेत होता. पहाटेची बॅच शिकवून पोरगा कॉलेज गाठायचा आणि संध्याकाळच्या बॅचला परत चाकणला यायचा. बाबा घरी येऊन म्हणाले, "तुमचा सर तर होणारा डॉक्टर आहे, आणि पेशंटपेक्षा वाईट दिसतो."

शिकवायचे मात्र असे की पुस्तक मिटून ठेवावं. "आधी खोडा, मग निवडा," हे त्यांचं ब्रीद. "बरोबर उत्तर शोधत बसू नका रे. तीन चुकीची खोडा, उरलं ते तुमचं. परीक्षेत शहाणपण लागत नाही, खोडरबर लागतं." पोरं हसायची आणि पासही व्हायची. दर वर्षी त्यांची काही पोरं डॉक्टरकीला लागायची. शेठ त्यांच्या फोटोंचे फ्लेक्स तळेगाव चौकात लावायचे. फ्लेक्सवर सरांचा फोटो कधी नसायचा, कारण खाली काय लिहायचं हा प्रश्न होता.

मला कॉलेज मिळालं आणि ते नेमकं सरांचंच निघालं. पैशांचं म्हणाल तर आम्ही चिखलीतला फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला, काही फी शिष्यवृत्तीतून सुटली आणि उरलेल्यासाठी बाबांनी मिळेल तो ओव्हरटाइम केला. पहिल्याच आठवड्यात मोठ्या हॉलमध्ये सर आत आले आणि मी सवयीने ताडकन उभी राहिले. अख्खा हॉल हसला. सर माझ्या मागच्या बाकावर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बस की खाली. इथं मी पोरगाच आहे." पहिल्या वर्षाचा एक विषय त्यांचा हजेरी कमी पडल्यामुळे अजून अडकला होता.

त्यांची फी कुठून येते, हे त्यांनी मला कँटीनमध्ये एकदाच सांगितलं. आईवडील बीडकडचे, ऊस तोडायला जाणारे. गावात पत्र्याचं घर, ते तारण म्हणून दाखवलं तर बँकेच्या साहेबांनी नुसतं पाणी विचारलं. बिनतारणाचं कर्ज मिळालं ते अर्ध्यालाही पुरेना. शिष्यवृत्ती यायची, पण उशिरा, आणि तिच्यासाठी कॉलेज थांबत नसतं. "मग काय करता?" मी विचारलं. "उचल घेतो," सर म्हणाले. "आमची आई मुकादमाकडून घेते उसाची, मी शेठकडून घेतो बायोची."

उचल म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच हातात घेतलेली मजुरी. ती घेतली की हंगामभर राबून फेडायची, आणि फिटत आली की पुढच्या हंगामाची वेळ होते. सर जुलैत शेठकडून फीची रक्कम उचलायचे आणि वर्षभर दोन्ही वेळा बॅच घेऊन ती फेडायचे. डॉक्टर व्हायला पैसे लागत होते म्हणून शिकवायचे आणि शिकवायचे म्हणून डॉक्टर होणं लांबत होतं. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. "फुकट शिकव," ते मला म्हणाले, "शिकवायला मजा येते. पण उचल घेऊ नकोस. उचल घेतलेल्या माणसाला 'आज जमत नाही' म्हणता येत नाही."

खरंच त्यांना कधी म्हणता आलं नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना त्यांनी सुट्टी मागितली, तर शेठ म्हणाले, "सर, डाक्टर काय कवाबी व्हता येतंय. बॅच काय कवाबी भरत न्हाई." शेठ वाईट नव्हते. त्यांना आडतीचा हिशेब कळत होता, आणि आडतीत गाडी आली की ती उतरवून घ्यावीच लागते. सर गेले आणि बॅच शिकवून आले. लेखी परीक्षेत कसेबसे निघाले, पण तोंडीत अडकले.

ती तोंडी परीक्षा मी विसरणार नाही. आम्ही विद्यार्थी बाहेर उभे होतो आणि दार उघडं होतं. पाय सुजलेला, पोट फुगलेला एक पेशंट होता. परीक्षक म्हणाले, "याला काय झालंय?" सर म्हणाले, "हृदयाचं नाही." बरं. "मूत्रपिंडाचं नाही." बरं. "रक्त कमी असल्यामुळेही नाही." एवढं बोलून सर थांबले. परीक्षक वाट बघत होते आणि सरही वाट बघत होते. शेवटी परीक्षक चिडून म्हणाले, "अहो, काय नाही ते सांगताय, आहे काय?" आणि आमचे सर, शेकडो पोरांना पास करणारे सर, अजिजीने म्हणाले, "सर, चार पर्याय दिले असते तर..." लिव्हर एवढा एकच शब्द हवा होता. पण चौथा पर्याय कुणीतरी फळ्यावर लिहिलेला असतो, याची त्यांना इतकी सवय झाली होती की तो स्वतः लिहायचा असतो हेच ते विसरले होते. बाहेर काहीजण हसले. मला हसू आलं नाही.

त्यानंतरही ते नापास झाले. मी पुढे गेले, पास झाले, इंटर्नशिपला लागले. वॉर्डात माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या घोळक्यात एके दिवशी सर उभे होते, भिंतीला टेकून. मी त्यांना "तुम्ही सांगा" म्हणू शकले नाही आणि "तू" तर शक्यच नव्हतं. सगळे गेल्यावर त्यांनीच सांगितलं, "आता एकदाच बसता येतं." कॉलेजला लागल्यापासून ठरावीक वर्षांत पास झालं नाही तर नाव कायमचं कटतं. सरांची वर्षं संपत आली होती. ही पुरवणी परीक्षा शेवटची, आणि ती बरोबर शेठच्या क्रॅश बॅचच्या महिन्यात आली होती. त्या महिन्यात वर्गात पाय ठेवायला जागा नसते. जुलैची उचल अर्धीच फिटली होती.

सरांची आम्ही चार जुनी पोरं चाकणला गेलो. शेठ काट्यावर गोण्या चढवून घेत होते. आम्ही म्हणालो, महिनाभर बायो आम्ही शिकवतो, आळीपाळीने, ते सरांच्या उचलीत धरा.

"उचल त्यांची, अन् फेडणार तुमी? ह्यो कुठला न्याय?"

"सर आमचेच आहेत."

"व्हय, पर पोरं पळाली तर?"

"तुमच्याच फ्लेक्सवर आमचे फोटो आहेत, शेठ. पळतील कशाला?"

शेठ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला काय, बायो सांगणारं माणूस पायजे. शिकवा." आणि संध्याकाळी त्यांनी सरांच्या खोलीवर गोणीभर कांदे पाठवून दिले. एकट्या माणसाने गोणीभर कांद्यांचं काय करावं हे काही सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी नोट्स द्यायला सरांच्या खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सर चटईवर झोपले होते, तोंड उघडं, एक चप्पल अजून पायात. आडवे झोपलेले सर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "क्लास थांबल्यापासून असेच आहेत. उठतात, जेवतात, परत झोपतात." मी दारात उभी राहिले आणि मला रडू आलं. आम्ही त्यांना अभ्यासाला वेळ काढून दिला होता, आणि त्यांच्या अंगाने तो भलतीकडेच वसूल करायला घेतला होता. उठवावं की नको? उठवलं नाही. नोट्स कांद्याच्या गोणीवर ठेवून परत आले आणि तो आठवडाभर धास्तीने माझीच झोप उडाली.

नंतर मात्र ते उठले आणि अभ्यासाला बसले. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "साहेबांनी पर्याय दिले नाहीत. मग मीच मनात चार मांडले, तीन खोडले, उरला तो सांगितला." एवढं बोलून बाकावर बसले आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपले. निकाल लागला, सर पास झाले. शेठने तळेगाव चौकात मोठा फ्लेक्स लावला, त्यावर पहिल्यांदाच सरांचा फोटो होता आणि नावाआधी 'डॉ.' होतं. सर म्हणाले, "आता खालून जाताना लाज वाटायलीय." उचल फिटल्यावर शेठने पुढेही शिकवायचे दुप्पट पैसे देऊ केले. सर नाही म्हणाले. 'जमत नाही' असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि बोलून झाल्यावर ते स्वतःच थोडे दचकले.

इंटर्नशिप करून सर गावाकडच्या आरोग्य केंद्रात लागले. पगार वेळेवर होत नाही, कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर जातात. हे ते हसत सांगतात.

यंदा माझ्या धाकट्या बहिणीला मेडिकलला सीट मिळाली. घरात पेढे आले आणि पेढ्यांच्या मागोमाग फीचं पत्र आलं. बाबांच्या कंपनीने त्यांची लाईन दुसऱ्या राज्यात हलवली, बाबा घरी आहेत. फ्लॅट माझ्याच कर्जात अजून अडकलेला. माझा हॉस्पिटलचा पगार घर चालवण्यात जातो आणि फीची तारीख आठवड्यावर. मी चाकणला गेले. शेठने काही विचारलं नाही. पैसे दिले आणि म्हणाले, "सोमवारपासून या. संध्याकाळची बॅच तुमची."

सरांना सांगायला हवं होतं. फोन केला. "सर, उचल घेतली."

 पलीकडे एक बाळ रडत होतं, कुणीतरी केसपेपर मागत होतं. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुणासाठी?"

"धाकटीसाठी."

"बरं," सर म्हणाले. "उजव्या अंगाला टेकायचं. डाव्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते."

सोमवारी हॉस्पिटलची ड्युटी करून मी वर्गात उभी राहिले. फळ्यावर प्रश्न लिहिला, खाली चार पर्याय लिहिले. "आधी खोडा, मग निवडा," म्हणाले, "पाच मिनिटं." सगळी डोकी वह्यांत गेली. मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. सर उंच होते, मी बुटकी. त्यांच्या खांद्याने घासलेला तो डाग बरोबर माझ्या डोक्याशी येतो.