थप्पीतलं खालचं खोकं

सौंसरच्या तहसीलसमोर मी मराठी लोकांचे सरकारी अर्ज हिंदीत लिहून देतो; इथलं सरकारी काम हिंदीतच चालतं. टाइपरायटर मोडीत गेला तेव्हा जुना लॅपटॉप घेतला. त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली आहे, त्यामुळे तो म्हातारा अजून पळतो. अडचण एकच, प्रत्येक प्रिंटर त्याचं ऐकत नाही. आणि रामाकोन्याच्या एका विधवा बाईला सोमवारी पेन्शनचा अर्ज छापून देतो, असा शब्द मी देऊन बसलो होतो. तो शब्द फिरला असता तर बाई दुसऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेली असती आणि तिच्यामागे तिचं गावही.

शनिवारी लॅपटॉप काखोटीला मारून पांढुर्ण्याला गेलो. स्वस्तातला प्रिंटर मागितला. दुकानदार म्हणाला, "लिनक्स ना? चालते." इतक्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो. मी तिथेच लॅपटॉप जोडला. मांडून ठेवलेल्या प्रिंटरमधून पान सुरेख निघालं.

मग तर संशय जास्तच वाढला. आमचं घर संत्र्याचं. ढिगावरचं फळ दाखवायचं असतं, घेणाऱ्याने तळातलं काढून पाहावं, हे लहानपणीच शिकलेलो. मी थप्पीतल्या सगळ्यात खालच्या खोक्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, तो दुसऱ्या मॉडेलचा हाये. हाच न्या, चालून राहिला ना!"

मांडलेला माल माझ्या गळ्यात मारतोय, दुसरं काय! मी खालचंच खोकं उचललं.

घरी त्या प्रिंटरने लॅपटॉपला ओळखच दाखवली नाही. रात्री जेवण गेलं नाही. स्वतःचीच भयंकर चीड आली.

रविवारी खोकं घेऊन परत गेलो. भांडायची तयारी केली होती, पण भांडणार कशावरून? दुकानदाराने टेबलाखालून कालचाच प्रिंटर काढला, कापडात गुंडाळलेला.

"दोन गिऱ्हाइकं आली होती याच्यासाठी. नाही देला. तुम्ही येणार, मालूम होतं मले."

मी खाली मान घातली. तरी निघण्याआधी एक पान काढून पाहिलंच.

सोमवारी बाई आली. छापील अर्ज उलटसुलट करून तिने परत माझ्याच हातात दिला.

"भरोसा हाये दादा तुमच्यावर. पण हे हिंदीत हाये. काय लिवलं, सारं मराठीत सांगा. एकबी वळ सोडू नका."

इतर दिवशी मी चिडलो असतो. त्या दिवशी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागलो.